परक्याची वाणी आणि आपले कर्तव्य

बमरोली हा सुरत शहराच्या दक्षिण भागातील कामकरी वस्तीचा पट्टा. शेजारी पांडेसऱ्याचे कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने, पलीकडे उधना, आणि गल्लोगल्ली यंत्रमागांची खाती. तापी रेल्वेमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूने आलेली मराठी कुटुंबे या सगळ्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. आपली ख्रिस्ती कुटुंबेही त्यांत आहेत. घरातील कर्ता पुरुष बारा तासांच्या पाळीवर मागांच्या खडखडाटात उभा असतो. घरी वृद्ध आई, सून आणि लहान मुले. गावाकडच्या नातलगांशी, मुकादमाशी, मुलांच्या शाळेशी जोडून ठेवणारा एकच धागा, आणि तो म्हणजे मोबाईल फोन.

याच धाग्यावरून आता परकी माणसे घरात शिरू लागली आहेत. दुपारी फोन वाजतो आणि ध्वनिमुद्रित आवाज सांगतो की, तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, नऊचे बटण दाबा. संध्याकाळी दुसरा आवाज सांगतो की, विजेचे बिल भरले नाही, आज रात्री जोडणी तोडू. तिसरा बँकेचा अधिकारी म्हणून बोलतो आणि ओ.टी.पी. मागतो. चौथा स्वतःला पोलीस म्हणवतो. यांशिवाय कर्ज घ्या, विमा घ्या, प्लॉट घ्या असे सांगणारे फोन दिवसभर चालूच असतात.

हा प्रश्न पोलिसांचा आणि टेलिफोन कंपन्यांचा आहे, मासिकात त्याची चर्चा कशाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु आपण आपल्या मुलांना शब्बाथ शाळेत काय शिकवतो ते आठवून पाहावे. खरे बोला, वडीलधाऱ्यांशी नम्रतेने वागा, अधिकाऱ्यांचा मान राखा, परक्याला झिडकारू नका. फोनवरचा ठग नेमक्या याच गुणांवर आपला धंदा चालवतो. उर्मट माणूस त्याचा फोन पहिल्याच वाक्याला बंद करतो. भिडस्त माणूस ऐकत राहतो. कायद्याची पर्वा नसलेला माणूस पोलिसाच्या नावाला घाबरत नाही. कायदा पाळणारा घाबरतो. तेव्हा प्रश्न असा की, आपण शिकविलेले सद्गुण आपल्याच माणसांना लुटण्याचे साधन होत असतील, तर ते शिकविण्यात आपले काही राहून गेले आहे काय?

आधी प्रसंगाचे गांभीर्य पाहू. २०२४ च्या अखेरीस सुरतेतच घडलेले एक प्रकरण पोलिसांनी जाहीर केले. नव्वद वर्षांच्या एका वृद्ध गृहस्थांना फोन आला. बोलणाऱ्याने आपण सी.बी.आय.चे अधिकारी असल्याचे सांगितले. तुमच्या नावाने मुंबईहून चीनला गेलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्ही व तुमचे कुटुंब अडचणीत याल, असा धाक घातला. मग पंधरा दिवस त्यांना फोनवरच जणू कैदेत ठेवले आणि १ कोटी १५ लाख रुपये काढून घेतले. घरच्यांना कळले तेव्हा तक्रार झाली आणि पाच जणांना अटक झाली.

हे एकट्यादुकट्याचे दुर्दैव राहिलेले नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२४ या एका वर्षात सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांना आपल्या आकाशवाणीवरील भाषणात या तथाकथित ‘डिजिटल अटके’विषयी लोकांना सावध करावे लागले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकारांची दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये त्यांचा तपास सी.बी.आय.कडे सोपविला.

या सर्व फसवणुकींचे अंतरंग पाहिले तर तीन गोष्टी पुनःपुन्हा आढळतात. पहिली भीती किंवा लोभ. दुसरी घाई: आत्ताच्या आत्ता, दोन तासांत, फोन न ठेवता. तिसरी गुप्तता: कोणाला सांगू नका, खोलीचे दार लावून घ्या, मुलालाही कळू देऊ नका. यांतील तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण भीती आणि घाई दोन्ही असूनही माणसाने शेजारच्या खोलीत जाऊन नुसते सांगितले असते, तर पुष्कळदा फसवणूक तेथेच थांबली असती. ठगाला पैसे मिळण्याआधी माणूस एकटा मिळावा लागतो.

आता पहिला नैतिक प्रश्न. अनोळखी माणूस बोलत असता मध्येच फोन बंद करणे हे उद्धटपणाचे, प्रीतीविरुद्ध आहे काय? आपल्या जुन्या पिढीतील पुष्कळांना तसे वाटते. दारी आलेल्याशी दोन शब्द बोलावेत, त्याचे ऐकून घ्यावे, ही आपली रीत. परंतु येथे थोडा विवेक करावा लागेल. चांगल्या शोमरोन्याला वाटेत जखमी माणूस दिसला. त्याची गरज डोळ्यांसमोर होती. फोनवरचा ध्वनिमुद्रित आवाज कोणाचाच शेजारी नव्हे. ते यंत्र आहे, आणि यंत्राला सौजन्याचे देणे लागत नाही. तोतया अधिकाऱ्याच्या बाबतीतही असेच आहे. त्याने आपले नाव, काम, हेतू सगळेच खोटे सांगितले आहे. ज्या माणसाशी आपण बोलत आहोत असे आपल्याला वाटते तो माणूस तेथे नाहीच. प्रभूने मेंढपाळाच्या दाखल्यात मेंढरांविषयी जे सांगितले ते आठवावे. मेंढरे आपल्या मेंढपाळाच्या मागे जातात, आणि परक्याचा आवाज आला की त्याच्यापासून पळतात. त्यांच्या या पळण्याला प्रभूने दोष दिलेला नाही.

तथापि सगळेच नको असलेले फोन ठगांचे नसतात. कर्जाची वा विम्याची जाहिरात करणारी मुलगी बहुधा कोठेतरी तुटपुंज्या पगारावर नोकरी करीत असते. तिला दिवसाकाठी ठरावीक फोन करावेच लागतात. तिच्यावर ओरडण्यात पुरुषार्थ नाही. ‘नको, ताई’ एवढे म्हणून फोन ठेवावा. ज्यांना हे फोन मुळीच नको असतील त्यांच्यासाठी २००७ पासून आपल्या देशात नोंदणीची सोय आहे. १९०९ या क्रमांकावर फोन किंवा संदेश करून नाव नोंदविता येते. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० पासून सुरू होणारे क्रमांक ठरविले आहेत, आणि बँकांसारख्या संस्थांच्या कामकाजाच्या फोनांसाठी १६०० पासून सुरू होणारे. नोंदणी करूनही साध्या क्रमांकावरून जाहिरात आली, तर तक्रार करता येते; २०२५ च्या नियमबदलानंतर त्यासाठी सात दिवसांची मुदत आहे. ठगाचा संशय आला, तर सरकारच्या ‘संचार साथी’ या व्यवस्थेतील ‘चक्षू’ या सोयीवर कळविता येते. ती मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. तक्रार करण्यात सूडबुद्धी नाही. आपण कळविलेला क्रमांक बंद झाला, तर पुढच्या एखाद्या म्हातारीचे पैसे वाचतील.

काही तरुणांना ठगाला फोनवर खेळविण्याची मौज वाटते. खोटे नाव सांगायचे, खोटा आकडा द्यायचा, अर्धा तास त्याला गुंतवून ठेवायचे. तेवढा वेळ तो दुसऱ्याला फसवू शकत नाही, असे ते समर्थन करतात. आम्हांस हे पटत नाही. आपल्या प्रभूने होयला होय आणि नाहीला नाही म्हणण्यास शिकविले. समोरचा खोटा आहे म्हणून आपल्याला खोटे बोलण्याची मोकळीक मिळते असे नव्हे. शिवाय आपण त्याला खेळवीत असता तो आपली भाषा, आपले गाव, घरची परिस्थिती टिपून घेत असतो. त्याला सत्य सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही, आणि खोटे सांगण्याची गरजही नाही. न बोलणे हा तिसरा मार्ग मोकळा आहे.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगितले आहे, हे आपण सर्व जाणतो. मग फोनवर पोलीस अधिकारी दरडावून विचारू लागला तर काय करावे? येथे त्याच पौलाचे फिलिप्पै येथील वर्तन पाहण्यासारखे आहे. अधिकाऱ्यांनी शिपाई पाठवून त्याला मुकाट्याने निघून जाण्यास सांगितले. पौल गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हांला चौकशीवाचून उघड फटके मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने कळविले, आणि त्यांना यावे लागले. अधिकाऱ्याचा मान राखणे आणि अधिकाराने आपल्या योग्य रीतीने चालावे असा आग्रह धरणे या दोन गोष्टी पौलाला परस्परविरुद्ध वाटल्या नाहीत.

आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण कळले पाहिजे, वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. चौकशीसाठी हजर राहण्याची पोलिसांची नोटीसदेखील व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. आता हे ताडून पाहावे. खरा कायदा म्हणतो, वकिलाला विचार. ठग म्हणतो, कोणालाही विचारू नको. जो अधिकारी आपल्याला आपल्या माणसांपासून तोडू पाहतो, त्याच्या अधिकाराविषयी तेवढ्यावरूनच शंका घ्यावी. ‘मी पोलीस ठाण्यात येऊन बोलतो’ असे म्हणून फोन ठेवणारा माणूस कायद्याचा अपमान करीत नाही. तो कायद्याच्या दाराशीच जात असतो.

पहिल्या राजांच्या पुस्तकातील तेराव्या अध्यायाची गोष्ट शब्बाथ शाळेत फारशी सांगितली जात नाही, पण ती येथे उपयोगी आहे. यहूदाहून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती की, त्या ठिकाणी अन्नपाणी घ्यावयाचे नाही. राजाने बोलाविले तेव्हा तो गेला नाही. परंतु एका वृद्ध संदेष्ट्याने, मला देवदूताने सांगितले आहे, असे खोटेच सांगितले, तेव्हा तो फसला आणि त्याचा नाश झाला. मोठ्या नावाची त्याला भुरळ पडली, आणि जे त्याला आधीच निश्चित ठाऊक होते ते त्याने सोडून दिले. ओ.टी.पी. कोणालाही सांगू नये हे आपल्या घरातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ते सोडून देण्यास सांगणारा कितीही मोठे नाव घेऊन आला, तरी आपल्याला ठाऊक असलेले खोटे ठरत नाही.

यात आता आणखी एक अडचण उभी राहिली आहे. यंत्राच्या साह्याने ओळखीच्या माणसाचा हुबेहूब आवाज तयार करता येतो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना तेथील राष्ट्राध्यक्षांच्या बनावट आवाजात फोन गेले. पुढच्याच महिन्यात तेथील दळणवळण आयोगाने अशा कृत्रिम आवाजातील ध्वनिमुद्रित फोनांना बेकायदेशीर ठरविले. ‘आई, माझा अपघात झाला, लगेच पैसे पाठव’ असा मुलाच्याच आवाजात फोन आला, तर आईने काय करावे? उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील आंधळ्या इसहाकापुढे असाच पेच होता. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, अशी शंका त्याला आली होती. पण दुसऱ्या कोणाला बोलावून खात्री करून घेण्याऐवजी तो पुनःपुन्हा त्याच माणसाला विचारीत राहिला, ज्याला फसवायचेच होते. म्हणून फोन करणाऱ्यालाच ‘तू खरा का’ असे विचारून उपयोग नाही. फोन ठेवावा आणि मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. तो लागला नाही तर त्याच्या सोबत्याला, कारखान्यात, शेजाऱ्याला विचारावे.

येथे एक रास्त आक्षेप येतो. अनोळखी क्रमांक घेऊच नयेत असे शहाणे लोक सांगतात. पण बमरोलीतील कामगाराला हे कसे जमावे? मुकादमाचा नवा क्रमांक, दुसऱ्याच्या फोनवरून बोलणारा गावाकडचा भाऊ, दवाखान्यातून आलेला निरोप, हे सगळे अनोळखीच असतात. शिवाय प्रत्येक परक्या आवाजाला चोर समजण्याची सवय जडली, तर मन कठीण होते. उद्या खरोखरच अडचणीत सापडलेला माणूस बोलेल आणि आपण त्यालाही झिडकारू. हा धोका आम्हांस लहान वाटत नाही. म्हणून आम्ही सुचवितो की, फोन अवश्य घ्यावा, ऐकावेही. परंतु पैसे, आकडे, कागदपत्रे, बटण दाबणे यांपैकी काहीही त्याच फोनवर करू नये. फोन ठेवून घरातील किंवा मंडळीतील एका तरी माणसाला सांगावे, आणि मग काय करावयाचे ते करावे. खऱ्या गरजवंताचे दहा मिनिटांच्या उशिराने सहसा बिघडत नाही. ठगाला मात्र तेवढा उशीर परवडत नाही. सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निरुपद्रवी असावे असे प्रभूने शिष्यांना सांगितले, तेव्हा दोन्ही गुण एकाच माणसात असावेत अशी त्याची अपेक्षा होती. या बेताने दोन्ही गुण राखता येतात.

आता तिसरा प्रश्न, आणि तो मंडळी म्हणून आपल्याला अधिक लागू आहे. जो फसला त्याच्याशी आपण कसे वागतो? आपल्यात सहज म्हटले जाते, ‘एवढे शिकलेले असून फसले कसे?’ किंवा ‘लोभ असणार, त्याशिवाय का पैसे जातात?’ दामदुपटीच्या आमिषाने फसलेल्याच्या बाबतीत लोभाचा वाटा असू शकेल, आणि त्याने तो देवापुढे ओळखावा. परंतु पोलिसाच्या भीतीने, मुलाच्या काळजीने फसलेल्या वृद्धाच्या ठायी लोभ कोठला? त्याचा दोष असलाच तर तो एवढाच की, त्याने दुसऱ्याचे बोलणे खरे मानले.

या हसण्याची किंमत पैशांत मोजता येते. फसवणूक झाल्याबरोबर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळविले, तर पैसे ठगाच्या हाती पडण्यापूर्वी मधल्या खात्यांत गोठविता येण्याची शक्यता असते. जसजसे तास जातात तसतशी ती कमी होत जाते, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यांत वाटली जाते. आता ज्या घरात सून रागावेल, मुलगा फोन काढून घेईल, आणि रविवारी मंदिराच्या आवारात कुजबूज होईल, त्या घरातील म्हातारा माणूस लगेच सांगेल काय? तो दोन दिवस जेवणार नाही, पण बोलणारही नाही. ठगाने त्याला एकटे पाडले, आणि आपल्या जिभेने आपण त्याला एकटेच ठेवले.

पवित्र शास्त्राने आपल्या थोर माणसांची फसगत लपविलेली नाही. गिबोनचे लोक शिळ्या, बुरसट भाकरी आणि ठिगळे लावलेले जोडे घेऊन दूरदेशीचे म्हणून आले, आणि यहोशवासह इस्राएलाचे सगळे सरदार फसले. त्यांनी परमेश्वराला विचारले नाही हा दोष शास्त्र स्पष्ट नोंदविते. लोकांनी सरदारांविरुद्ध कुरकुर केली हेही नोंदविते. पण यहोशवाचे पुढारीपण गेले नाही. पुढच्याच अध्यायात तो लोकांच्या अग्रभागी आहे. फसलेल्या माणसाला त्याच्या जागेवर पुन्हा उभे करणे हे मंडळीचे काम आहे.

चौथा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो फोनच्या दुसऱ्या टोकाचा आहे. फसविणारे कोण? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथे शेकडो तरुण-तरुणी अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील लोकांना लुटण्याच्या कामाला लावलेले आढळले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्यायखात्याने अशा फसवणुकीबद्दल जो खटला दाखल केला, त्यात अहमदाबादमधील पाच कॉल सेंटरे होती. २०१८ मध्ये तेथे एकवीस जणांना शिक्षा झाल्या, त्यांतील सर्वांत मोठी वीस वर्षांची. म्हणजे ही वाणी काही वेळा आपल्याच शेजारच्या, आपल्याच शिकल्यासवरल्या मुलांची असते. पगार बरा, इंग्रजीला वाव, वातानुकूलित खोली. आणि फसणारा सात समुद्रांपलीकडचा, चेहरा नसलेला. चेहरा दिसत नसला की पाप हलके वाटू लागते, हे आपल्या तरुण संघात मोकळेपणी बोलले गेले पाहिजे.

दुसरीकडे काही फोन करणारे स्वतःच कैदी असतात. चांगल्या नोकरीच्या आशेने गेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमार, कंबोडिया, लाओस येथील कुंपणबंद वसाहतींत डांबून, मारहाण करून असे फोन करावयास लावल्याचे उघड झाले आहे. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने थायलंडच्या सीमेवरून वायुदलाच्या विमानांनी परत आणले. हे कळल्यावर फोनवर शिव्या देण्याची इच्छा उरत नाही. परंतु म्हणून त्याचे ऐकावे असेही नाही. आपण दिलेला रुपया त्या मुलाला सोडवीत नाही. त्याला डांबणाऱ्या मालकाला पोसतो. त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि फोन ठेवावा. परदेशी नोकरीला निघालेल्या आपल्या मुलाच्या कागदांची चौकशी मात्र तो निघण्यापूर्वी करावी.

बमरोलीसारख्या वस्तीत याहूनही जवळचा मोह आहे. कोणी ओळखीचा येतो आणि म्हणतो, ‘तुझ्या नावाने बँकेत खाते उघड, पासबुक, कार्ड आणि सिमकार्ड माझ्याकडे दे, महिन्याला काही हजार मिळतील, तुला काही करायचे नाही.’ मागावर काम मंदावलेले असते, घरभाडे थकलेले असते. ठगाने लुटलेला पैसा फिरतो तो अशाच भाड्याच्या खात्यांतून; सुरतेच्या वर सांगितलेल्या प्रकरणात पोलिसांनी इतर वस्तूंबरोबर डेबिट कार्डे, चेकबुके आणि सिमकार्डेच जप्त केली होती. खातेदार म्हणतो, मी कोणाला फसविले नाही. खरे आहे, त्याने एक शब्दही खोटा उच्चारला नाही. पण यहूदाने फेकून दिलेली तीस नाणी मुख्य याजकांनी उचलली, तेव्हा त्यांनीसुद्धा विचार केला की हे रक्ताचे मोल आहे, हे मंदिराच्या भांडारात घालता येणार नाही. ज्यांनी प्रभूला धरून दिले त्यांनाही खजिन्यात येणारा पैसा कसला आहे हे विचारावेसे वाटले. मग आपल्या खात्यात येणारा पैसा कोणाच्या डोळ्यांतील पाण्याचा आहे, हे आपण विचारू नये काय? आपले नाव देवाने दिलेली ठेव आहे, ते भाड्याने देण्याची वस्तू नव्हे. आणि पोलीस येतात तेव्हा प्रथम ज्याच्या नावावर खाते आहे त्याच्याच दारी येतात, हेही सांगून ठेवणे बरे.

तर आरंभी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर काय? सत्य, नम्रता, आज्ञाधारकपणा हे गुण शिकविण्यात आपली चूक नाही. राहून गेले ते एवढेच की, हे गुण मंडळीच्या सहवासात जगावयाचे असतात हे आपण पुरेसे सांगितले नाही. एकट्या माणसाची नम्रता कोणीही वापरून घेऊ शकतो. तोच माणूस ‘थांबा, मी माझ्या माणसांना विचारतो’ असे म्हणावयास शिकला, तर त्याची नम्रता त्याच्याजवळ राहते आणि ठगाच्या हाती काही लागत नाही.

म्हणून मंडळ्यांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी परक्याच्या वाणीचा धडा शिकविताना मुलांकडून फोनचा प्रसंग वठवून घ्यावा. एक मूल तोतया अधिकारी होईल, दुसरे आजी होईल, आणि तिसऱ्याने आजीला फोन ठेवून काय करावयाचे ते सांगावे. मुलांना हा खेळ आवडेल आणि ती तो घरी जाऊन आजीला दाखवतील. महिला मंडळाने १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरोघर लावावा. पाळकांनी व वडीलमंडळाने एकट्या राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाला मंडळीतील एका व्यक्तीचे नाव नेमून द्यावे, की काही विचित्र फोन आला तर वेळ कोणतीही असो, हिला विचारा. आणि ज्या व्यक्तीचे नाव नेमले जाईल तिने एवढेच पाळावे: दुपारी कामाच्या गर्दीत किंवा रात्री उशिरा आजींचा फोन आला, प्रश्न अगदी क्षुल्लक निघाला, तरी ‘बरे झाले विचारलेत’ असेच म्हणावे.